मिस्कूटाची बाटली आणि सासूबाईंची गोळी

पत्र (थोडं संक्षेपाने):

"गोव्यातल्या डिचोलीजवळच्या एका गावातून लिहिते आहे. आमचा सहा बायकांचा स्वयंसाहाय्य गट आहे. मिस्कूट म्हणजे आंब्याचं लोणचं, आणि कोकमाची सोलं, आगळ करून विकतो. मागच्या प्रदर्शनात आमची मिस्कूटाची पाव किलोची बाटली ९० रुपयांना होती. शेजारच्या स्टॉलवर तेवढीच बाटली २४० ला, तोंडावर कापड आणि वर सुतळी बांधलेली. त्यांच्या सगळ्या संपल्या, आमच्या निम्म्याहून जास्त परत आल्या. एका बाईंनी तर आमची बाटली हातात घेऊन विचारलं, 'एवढी स्वस्त? काय घालता काय यात?' आता गटातल्या मुली म्हणतात, आपणही २४० करूया. मला ती फसवणूक वाटते.

घरात दुसरंच. सासूबाईंना ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारूनच जनऔषधी केंद्रातली आणली. पण त्या म्हणतात, ही लागू पडत नाही, डोकं जड होतं, महागातली ती महागातली. नवरा म्हणतो, स्ट्रिपमधून काढून डबीत घालून दे आणि जुन्याच गोळ्या म्हणून सांग. तेही मला पटत नाही.

आणि नणंदेच्या मुलीच्या लग्नात मी दिलेल्या साडीची किंमत जाऊबाईंनी चारचौघांत विचारली, ते अजून मनाला लागून राहिलंय. माणसं वस्तू बघतच नाहीत का, नुसती किंमतच बघतात का?"

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीच्या सगळ्याची किल्ली तिथे आहे. माणसं वस्तू बघतात. पण ज्या वस्तूतलं त्यांना कळतं, तीच बघतात. जिथे कळत नाही तिथे किंमत बघतात आणि तिच्यावरून वस्तू कशी असेल ते ठरवतात.

मासळी बाजारात उभ्या राहून बघा. आपल्याकडची कुठलीही बाई बांगडा घेताना आधी कल्ला उघडून बघते, डोळा बघते, बोटाने दाबून बघते, आणि मग भाव विचारते. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, तेव्हा मासळीचा भाव चढतो. म्हणून त्या दिवसांतली मासळी जास्त ताजी असते असं कोणी म्हणत नाही. उलट ती बाहेरून बर्फात आलेली असणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि पावसानंतर बांगड्याची रेलचेल होते, वाटा स्वस्तात मिळतो, तेव्हा 'एवढा स्वस्त म्हणजे खराबच असणार' असं मनातसुद्धा येत नाही. किंमत कशामुळे चढली-उतरली ते माहीत असतं, म्हणून ती आपल्याला फसवत नाही. मानकुराद आंब्याचंही तेच. हंगामाच्या सुरुवातीला डझनाला हजारांत बोलतात, मे सरता सरता शेकड्यांत येतो. झाड तेच, फळ तेच. पहिल्या डझनाचे जास्तीचे पैसे हे पहिलं असण्याचे आहेत, गोडीचे नाहीत, हे घेणाऱ्यालाही कळत असतं. हौस म्हणून तो देतो, आणि त्यात काही चूक नाही.

आता त्याच बाईला वॉटर प्युरिफायर किंवा फेस क्रीम घ्यायला पाठवा. कल्ला उघडून बघण्यासारखं तिथे काही नसतं. मग ती तीन किमती ऐकते, सगळ्यात स्वस्त सोडून देते आणि मधली घेते. तीच बाई, तीच अक्कल. तुमच्या स्टॉलवर 'काय घालता काय यात' म्हणणाऱ्या बाईंचं हेच झालं. त्या बहुधा मिस्कूट पहिल्यांदाच बघत होत्या. त्यांच्या हातात झाकण घट्ट लावलेली एक बाटली होती आणि त्या बाटलीवर त्यांना समजेल अशी एकच गोष्ट लिहिलेली होती, ती म्हणजे ९०. त्या आकड्यावरून त्यांनी अंदाज बांधला. त्यांचा राग मानू नका.

किंमत माणसाच्या जिभेपर्यंतही पोचते. २००८ साली अमेरिकेत कॅल्टेक आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी लोकांना एकच वाइन दोनदा चाखायला दिली, एकदा दहा डॉलरची म्हणून आणि एकदा नव्वदची म्हणून. नव्वदची जास्त आवडली. लोक नुसतं तसं बोलत होते असंही नव्हतं, मेंदूचा जो भाग सुखाची नोंद घेतो त्यातली हालचालही खरोखर वाढलेली दिसली. पण त्याच वर्षी आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात, किंमत झाकून केलेल्या सहा हजारांहून जास्त चाखण्यांचा हिशेब मांडला, तेव्हा सामान्य लोकांना महाग वाइन जास्त आवडते असं दिसलं नाही. उलट किंचित कमीच आवडली. हे दोन्ही निष्कर्ष एकत्र धरले की तुमच्या स्टॉलवर काय करायचं ते दिसतं. आधी चव द्या, किंमत मागाहून कळू द्या. एका ताटात भाकरीचे तुकडे आणि त्यावर बोटभर मिस्कूट, किंवा लहान वाटीत उकड्या तांदळाची पेज आणि बाजूला मिस्कूट. ज्याने चाखलं त्याला मग तुमच्या मालातलं कळायला लागतं, आणि त्याला आकड्याच्या आधाराची तेवढी गरज उरत नाही.

आता किमतीबद्दल. तुम्ही खर्चाचे आकडे पाठवलेत ते फार बरं केलंत, कारण त्यावरून मला दुसरीच एक गोष्ट दिसली. बाटली-झाकण १८ रुपये, आंबा, तेल, मिरची, मोहरी, हिंग मिळून ४५, बसभाडं आणि स्टॉलचं भाडं वाटून साधारण १०. झाले ७३. म्हणजे ९० मधले १७ रुपये उरले. चाळीस बाटल्यांच्या एका घाण्याला दोन बायकांचे दोन दिवस जातात असं तुम्ही लिहिता, म्हणजे चार दिवसांचं काम. चाळीस गुणिले सतरा, ६८० रुपये. भागिले चार, दिवसाला १७० रुपये. २०२४-२५ साली गोव्यात रोजगार हमीच्या कामाची रोजची मजुरी ३५६ रुपये होती. रस्त्याच्या कडेचा चर खणणाऱ्या बाईला जे मिळतं, त्याच्या निम्मंही तुमच्या गटातल्या बाईला आंबे चिरून, मीठ मुरवून, मसाला भाजून मिळत नाही. तेही सगळ्या बाटल्या खपल्या तर, आणि त्या तर खपल्या नाहीत.

ताई, ९० ही तुमच्या मिस्कूटाची खरी किंमत नव्हतीच. त्यात तुमचे हात धरलेले नव्हते. स्वयंपाकघरातल्या कामाला पैसे लावायचे नसतात अशी आपल्याला लहानपणापासूनची सवय, ती थेट बाटलीवरच्या चिठ्ठीपर्यंत आली. तुम्हाला २४० खोटे वाटतात, ते मला समजतं. पण ९० हाही खरा आकडा नाही, आणि त्याचं नुकसान रोज तुमच्याच सहा घरांत होतंय. मला या पत्रातलं सगळ्यात जास्त हेच लागलं.

मजुरी ३५६ ने धरली तर बाटलीमागे साधारण ३६ रुपये होतात. ७३ आणि ३६, १०९. उद्या पणजीतला एखादा दुकानदार बाटल्या ठेवायला तयार झाला तर तो छापील किमतीतले वीस-पंचवीस टक्के मागेल. फुटणाऱ्या, परत येणाऱ्या बाटल्या आहेत. पुढच्या हंगामाच्या आंब्यांना आगाऊ पैसे द्यायचे असतात. हे सगळं धरून मी १६० म्हणेन. दुकानदाराने २५ टक्के घेतले तरी १२० हातात येतात. गटातल्या मुलींना सांगा, किंमत वाढवूया, पण शेजारणीच्या चिठ्ठीवर बघून नाही, आपल्या वहीत बघून. कोणी विचारलं 'एवढे का?' तर तुम्हाला मान खाली न घालता एकेक रुपया सांगता आला पाहिजे. २४० चा तसा हिशेब आज तुमच्याकडे नाही. शेजारच्या स्टॉलकडे असेलही. चांगली काच, कापड, छापलेलं लेबल याला पैसे पडतात, आणि भेट द्यायला घेणाऱ्याला ते हवंच असतं. त्यांनी फसवलं असं मी तरी म्हणणार नाही.

फसवणूक कुठे सुरू होते तेही सांगून ठेवते, कारण मुली उद्या काहीतरी नवीन ऐकून येतील. कधीच न लावलेली ३०० ही किंमत छापून, तिच्यावर काट मारून खाली १६० लिहिणं ही फसवणूक. पहिला ऐकलेला आकडा मनात खुंटीसारखा रुततो आणि पुढचं सगळं त्याला टांगून मापलं जातं, याच स्वभावावर ती युक्ती चालते. किनाऱ्याजवळच्या रस्त्यांवर काजूची दुकानं बघा, कितीएक ठिकाणी हाच खेळ. आणि ज्या काजूवर तो चालतो तो इथला असतोच असं नाही. गोव्याच्या काजूला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते याचसाठी, की इथला माल कुठला आणि बाहेरून आणून इथला म्हणून खपवलेला कुठला हे गिऱ्हाइकाला किमतीवरून ओळखायची वेळ येऊ नये. तसंच बाहेरचे आंबे आणून 'गावठी' लिहायचं नाही, आणि प्रमाणपत्र नसताना 'सेंद्रिय' लिहायचं नाही.

लिहायचं ते खरं आणि भरपूर लिहा. आंबा कुठल्या गावचा, कधी घातलं, काय काय आहे, निव्वळ वजन, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक, गटाचं नाव-पत्ता, एमआरपी. यातलं बरंचसं कायद्याने लिहावंच लागतं, पण कायदा बाजूला ठेवला तरी ते तुमच्या फायद्याचं आहे. बाटलीवर ९० सोडून वाचण्यासारखं काही नव्हतं, हेच तर दुखणं होतं. शंभर ग्रॅमची लहान बाटलीही ठेवा. अनोळखी चवीवर १६० घालायला माणूस कचरतो, लहान बाटलीला नाही.

गावातल्या बायका मात्र १६० ऐकून हसतील, आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांना मिस्कूट घरी येतं. त्यांच्यासाठी दुसरी सोय करा. रिकामी बरणी घेऊन येईल तिला मिस्कूट वजनावर द्या. बाटलीचे १८, स्टॉलचे १०, दुकानदाराचं कमिशन, काहीच त्यात येत नाही, तेव्हा भाव कमी का ते आपोआप सांगता येतं. एकाच वस्तूच्या दोन किमती झाल्या म्हणून मनाला लावून घेऊ नका. पाण्याची बाटली दुकानात एमआरपीला मिळते आणि हॉटेलात टेबलावर जास्तीला, आणि २०१७ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की हॉटेलवाला नुसतं पाणी विकत नसतो, बसायची जागा आणि सेवाही त्यात येते. रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये असाच एक प्रश्न लोकांना विचारला होता. तुम्ही समुद्रकिनाऱ्यावर पडला आहात, मित्र जवळून थंड बिअर आणून देणार आहे, जास्तीत जास्त किती द्याल? बिअर आलिशान हॉटेलातली म्हटल्यावर लोकांनी २.६५ डॉलर सांगितले, साध्या दुकानातली म्हटल्यावर दीड. बिअर तीच, प्यायची त्याच वाळूवर. म्हणजे घेणाऱ्याच्या मनात वस्तूबरोबर जागेचाही एक भाव आधीच ठरलेला असतो. तुम्ही प्रदर्शनात मांडता तेव्हा तो भाव तुमच्यासाठीही असतो. तो तुम्ही घेत नव्हतात, एवढंच.

साडीचं थोडक्यात सांगते. जाऊबाईंनी विचारलं ते वाईट विचारलं. साडी कोणी विणली, सूत कुठलं, पोरीला रंग शोभतो का, हे विचारता आलं असतं, पण ते विचारायला साडीतलं कळावं लागतं. तुम्ही किंमत सांगितलीत की टाळलीत ते लिहिलं नाही. पुढच्या वेळी कोणी विचारलं तर सरळ सांगा, आणि ती का निवडली तेही सांगा. लपवलेली किंमत लोक मनाने अजून कमी धरतात. एवढ्यावर ते सोडून द्या, खरंच. पोरगी ती साडी नेसते की नाही, तेवढं बघा.

आता सासूबाई. या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त वेळ दिला.

पहिली गोष्ट, त्या नाटक करत नाहीत. २००८ मध्येच एक प्रयोग झाला होता. ८२ निरोगी माणसांच्या मनगटाला विजेचे हलके झटके दिले आणि मग सगळ्यांना एकच गोळी दिली, जिच्यात औषध काहीच नव्हतं. निम्म्यांना सांगितलं, ही वेदनेवरची नवी गोळी अडीच डॉलरची आहे. निम्म्यांना सांगितलं, किंमत उतरवून दहा सेंट केली आहे. महाग गोळीवाल्यांपैकी ८५ टक्क्यांना दुखणं कमी झालं, स्वस्त गोळीवाल्यांपैकी ६१ टक्क्यांना. त्यांना खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. दुखणं, जडपणा, बरं वाटणं यांत मनाचा वाटा असतो आणि मनात किंमत शिरलेली असते. तेव्हा 'तुमच्या मनाचे खेळ आहेत' हे वाक्य त्यांच्यापुढे उच्चारू नका. डोकं जड होतं म्हणतात, तर ते जड होत असणार. त्याचं कारण गोळीत आहे की गोळीबद्दलच्या धास्तीत, एवढंच शोधायचं आहे.

गोळीचं खरं म्हणाल तर, औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम दोन्ही स्ट्रिपांवर एकच असेल तर आतलं औषध एकच. जनऔषधी योजना २००८ पासून चालू आहे, आणि तिथली औषधं ब्रँडपेक्षा ५० ते ८० टक्के स्वस्त असतात असं सरकार सांगतं. ब्रँडच्या किमतीत नावाच्या प्रचाराचा, डॉक्टरांकडे फिरणाऱ्या प्रतिनिधींचा आणि मधल्या साखळीच्या नफ्याचा मोठा वाटा असतो. स्वस्त म्हणजे अर्धी केलेली मात्रा नव्हे. माल कधी निकृष्ट निघतच नाही असंही मी म्हणणार नाही. औषध नियंत्रक दर महिन्याला दर्जात न बसलेल्या औषधांची यादी काढतात आणि त्यात मोठ्या नावांची औषधंही येतात. म्हणजे महागातली घेतली की ती काळजी मिटली, असं होत नाही.

नवऱ्यांची डबीची युक्ती करू नका. स्ट्रिपवर नाव, मात्रा, बॅच, मुदत असते. मध्यरात्री बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्यायची पाळी आली तर डॉक्टर पहिल्यांदा विचारतील, कुठली गोळी चालू आहे? त्या वेळी सासूबाई एक नाव सांगणार आणि खरं दुसरंच असणार. शिवाय कधीतरी कळेलच. मग गोळीवरचा नाही, तुमच्यावरचा विश्वास जाईल, आणि पुढचं प्रत्येक औषध त्या संशयाने घेतील.

त्याऐवजी रक्तदाब मोजा. घरी यंत्र नसेल तर घ्या, दंडाला पट्टा बांधायचं घ्या. रोज सकाळी एकाच वेळी, गोळीच्या आधी, पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीवर. आकडा सासूबाईंनी स्वतः वहीत लिहायचा, तुम्ही नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर दोन आठवडे जुनी गोळी, मग दोन आठवडे नवी, आणि ती वही घेऊन दोघींनी डॉक्टरांकडे जायचं. डोकं ज्या दिवशी जड वाटेल ते त्या दिवसाच्या आकड्यापुढे लिहायचं. वहीत खरोखर फरक दिसला तर सासूबाईंचं बरोबर, आणि काय बदलायचं ते डॉक्टर ठरवतील. बांगड्याचा कल्ला त्या आयुष्यभर उघडून बघत आल्या आहेत. औषधाचा कल्ला त्यांना कोणी दाखवलाच नाही.

आणि एक विचारून बघा, पण एकांतात. स्वस्त गोळी हातात दिली तेव्हा त्यांना काय वाटलं? तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'त्या म्हणाल्या, माझ्यासाठीच बरी काटकसर सुचली.' तुम्ही ते चिडून लिहिलंय, मला मात्र त्यात सगळं दिसलं. गोळी कशी आहे हे त्यांना मोजता येत नाही, पण घरात आपल्यावर किती खर्च होतो हे त्या मोजतात. ज्या वयात आपल्यासाठी खर्च करणं घराला जड होतंय का ही भीती असते, त्या वयात गोळीची किंमत उतरली की आपलीच उतरली असं वाटतं. त्याला औषधशास्त्रातलं उत्तर चालणार नाही. महिन्याला जे पैसे वाचतात ते त्यांच्याच नावाने, त्यांच्या डोळ्यांसमोर खर्च होऊ द्या. गुडघ्यांसाठी फिजिओथेरपी सांगितली होती आणि पैशांमुळे राहिली असं तुम्हीच लिहिलंय. तिथपासून सुरुवात करा, आणि ते कुठल्या पैशांतून होतंय ते त्यांना सांगा.

एक खबरदारी. त्यांना थायरॉईडची, फिटची किंवा रक्त पातळ करण्याची गोळीही असेल तर तिचा ब्रँड स्वतःहून बदलू नका, महागाचा स्वस्त नको की स्वस्ताचा महाग नको. त्या औषधांत बारीक फरकही जाणवू शकतो आणि बदल केला तर तपासणी करून बघावी लागते. डॉक्टरांकडे जाल तेव्हा सगळ्या स्ट्रिपा बरोबर न्या, आणि 'स्वस्त गोळी चालेल का' हा प्रश्न तुम्ही विचारू नका, सासूबाईंना विचारू द्या.